खचण्याचं कारण

नदीकाठचा तळ,
१७ जून २०१९

कुन्नेयताई,

रागावली असशील तर आधी रागावून घे, मग पुढचं वाच. मी थांबतो.

झालं? ठीक.

मी सोन्याच्या खाणीत नाही. तिथून एप्रिलमध्येच निघालो. मुकादमाशी पटलं नाही, म्हणजे त्याला मी झोपलेला दिसलो आणि मला तो ओरडताना दिसला, एवढंच. मग एका ट्रकवाल्याबरोबर उत्तरेला आलो. त्याच्या ट्रकमध्ये बटाटे होते आणि एक पियानो. पियानो एवढ्या वर कुणाला हवा होता हे विचारायचं राहून गेलं, ते अजून डोक्यातून जात नाही. तर आता मी मॅमथचे दात शोधणाऱ्या टोळीत आहे. आम्ही सहा जण. म्होरक्या उयबान, पन्नाशीचा, एक कान थंडीने अर्धा गेलेला. उरलेल्या अर्ध्याने तो सगळं ऐकतो. घाबरू नकोस, सगळं रीतसर आहे. नदी काठ पोखरते, काठातून दात डोकावतात, आम्ही उचलतो. नदीने दिलेलं घ्यायला हरकत नाही असं बाबासुद्धा म्हणायचे.

डास इतके आहेत की चहातले वेचत बसलो तर चहा निवतो. म्हणून दातांनी गाळून पितो. माझ्याच दातांनी, मॅमथच्या नव्हे.

काठ चाळीस-पन्नास हात उंच आहे, आतून काळा, आणि मधेमधे बर्फाच्या भिंती, घराएवढ्या. ऊन लागलं की त्यांना घाम फुटतो आणि वरून गवताचे तुकडेच्या तुकडे खाली येतात, धप्प, धप्प, दिवसभर. वास म्हणशील तर आपल्या गोठ्यात कुणीतरी मासे ठेवून विसरलंय आणि विसरून शंभर वर्षं झालीत, तसा. पंपाच्या आवाजाने कान बसलेत, तेव्हा मी पत्रात जरा मोठ्याने बोलतोय असं वाटलं तर समजून घे.

गवत कापायच्या आत येतो. जुलैच्या मध्यापर्यंत नक्की. चोकूर व्याली का? स्वयंपाकघराची जमीन अजून तेवढीच तिरकी आहे की वाढली? मार्चमध्ये जमिनीवर अंडं ठेवलं तर ते चुलीपासून दारापर्यंत गडगडत गेलं होतं. मला हसू आलं होतं, तुला आलं नव्हतं.

इथे फोन लागत नाही. सेमेन बोटवाला डिझेल घेऊन येतो, परतताना पत्रं नेतो. त्याच्या टोपीत ठेवतो, म्हणून पत्राला टोपीचा वास येईल.

तुझा
एर्चीम

(उयबान विचारतोय, बहिणीला लिहितोस की वकिलाला, एवढा विचार कसला करतोस.)


घरून,
२ जुलै

एर्चीम,

अंडं आता दाराशी थांबत नाही, अंगणात जातं.

पत्र उभ्यानेच वाचलं. बसायला गेलं की खुर्ची सरकते. चूल आणि भिंत यांच्यात मार्चला बोट जात होतं, आता हात जातो. मांजर तिथूनच ये-जा करतं, दार त्याने सोडलंच आहे. कोठाराजवळ मे महिन्यात खड्डा पडला, त्यात आता बदकं बसतात. आणि आपलं कुरण तू ओळखणार नाहीस. आलासाच्या सगळ्या गवताळ खोलगट भागात उंचवटे आलेत, ओळीने, कबरींसारखे, आणि दोन उंचवट्यांच्या मधली जमीन कमरेपर्यंत खाली गेली आहे. खालचा बर्फ वितळतो, मधली माती बसते. शाळेचा ट्रॅक्टर गवताला मागितला होता. ट्रॅक्टरवाला आला, बघितलं, टोपी काढली आणि परत गेला. जशी मयताला काढतात तशी काढली.

शेजारच्या मप्पा मावशीच्या जमिनीखालच्या तळघरात घोट्याएवढं पाणी आलं. तिच्या सासऱ्यांनी खणलेलं तळघर, आजवर ऐन उन्हाळ्यात तिथे शिंगराचं मांस दगडासारखं राहायचं. सगळं नासलं. ती रडली नाही. मांस पुरलं आणि पुरून झाल्यावर त्या जागेला शिव्या दिल्या.

परवा रेडिओवर एक गृहस्थ सांगत होते की उत्तरेला ऊब आली की शेती वाढेल, कुणी सांगावं, उद्या द्राक्षंही येतील. मी रेडिओ बंद केला. त्या माणसाला माझ्या कुरणात आणून बसवावं आणि म्हणावं, लाव.

आता नीट वाच. जिल्ह्याची समिती वीस जुलैला येते आहे. पलीकडच्या वाळूच्या टेकाडाखाली बर्फ नाही, तिथे सरकार बारा नवी घरं बांधून देणार. ज्यांचं घर जमीन वितळून खचलं त्यांना हिवाळ्याआधी. आपलं नाव त्या यादीत आलं पाहिजे. या घरात अजून एक हिवाळा निघणार नाही एर्चीम. उणे पन्नासला भिंतीत हाताएवढी फट घेऊन कोण जगतं?

फॉर्मात सातवा रकाना आहे, ‘खचण्याचं कारण’. त्याच्याखाली बारीक अक्षरात, ‘घरापासून पन्नास मीटरच्या आत मालकाने झाडं तोडली आहेत काय?’ तोडली असतील तर दोष मालकाचा आणि घर यादीबाहेर. हे सांगायला समिती कशाला हवी? झाडाची सावली आणि बुडाचं शेवाळ गेलं की खालचा बर्फ सुटतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर आलासाच्या कडेच्या लार्चला कुणी कुऱ्हाड लावत नाही. मी ‘नाही’ लिहिलंय. गोठ्यामागची ती तेरा-चौदा झाडं चार वर्षांपूर्वीच्या वादळाने पाडली. मी तेव्हा याकुत्स्कला दवाखान्यात आईजवळ होते, घरी तू एकटा होतास. म्हणजे साक्षीदार तूच. एका कागदावर तसं लिही, सही कर आणि लगेच पाठव.

चोकूरला वासरू झालं. कपाळावर पांढरा ठिपका आहे.

आणि एक सांग. नदीने दिलेलं उचलायला पंप कशाला लागतो?

कुन्नेय


नदीकाठचा तळ,
१६ जुलै

ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. वीस तारखेच्या आत इथून काही पोचणं शक्यच नाही, म्हणून साक्षीचा कागद या वेळी जोडत नाही. शिवाय कागदही नाही. हा आहे, पण हा लिहिण्यातच संपेल.

वासराचं ऐकून बरं वाटलं.

पंपाचं तू पकडलंस. तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे मांजरासमोर मासा लपवायचा. तर ऐक. आग विझवायचे पंप आहेत, तीन. नदीचं पाणी ओढायचं आणि काठावर मारायचं. काठ असा ओघळतो की बघत राहावं. नदी दहा वर्षांत पोखरेल तेवढं आम्ही दिवसात पोखरतो. मागच्या आठवड्यात एक दात निघाला, माझ्यापेक्षा लांब, वळलेला, मधासारख्या रंगाचा. उयबानने त्याला मिठी मारली. बायकोला मारत नसेल अशी. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मागे वळून पाहिलं तर नदी मैलभर काळी झालेली.

त्याच दिवशी झोयाबाई आल्या. रबरी बोट, दोन विद्यार्थी आणि नळकांड्यांची पेटी. शहरातल्या आहेत, मातीचा अभ्यास करतात, नाक उन्हाने सोललेलं. उयबान त्यांना हाकलणार होता, पण त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ ताज्या फोडलेल्या काठाशी गेल्या आणि कोथिंबिरीची जुडी हुंगावी तशी माती हुंगली. मला पाणी धरायचं सोडून नळकांडी धरायला लावली. मी धरली. तुला माहीत आहे मी कसा आहे.

त्या म्हणाल्या ही माती पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वीची. गवत, मुळं, शेण, सगळं कुजायच्या आत गोठलं. “तळघरात साठवलेलं जेवण समज,” म्हणाल्या. “आता तळघर उघडलंय. जंतू जेवायला बसलेत. जेवतात आणि श्वास सोडतात. तो श्वास वर जातो, वर ऊब वाढते, आणि आणखी तळघरं उघडतात.”

मी विचारलं, मग आमची सहा जणांची टोळी जग बुडवणार का?

“तेवढी तुमची ऐपत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त घाई करताय.”

मला राग आला. त्यांचा नव्हे. त्यांचाही थोडा. ताई, ज्यांनी ही ऊब केली ते कुठे आहेत? त्यांच्या चिमण्या, त्यांच्या गाड्या, हिवाळ्यात स्ट्रॉबेरी खायची त्यांची हौस. त्यांनी आपलं गाव नकाशातही पाहिलेलं नाही. धूर तिकडे आणि भोक आपल्या चुलीमागे. आणि आपल्याला फॉर्म भरायला लावतात, बारीक अक्षरातला.

सतरा झाडांनी कुठे घर खचतं? झोयाबाईंना मी सहज विचारलं, कुणी घरामागची सतरा झाडं तोडली तर काय होतं. त्या काहीतरी म्हणाल्या पण मला नीट ऐकू आलं नाही, पंप चालू होता.

त्या वर्षी वादळ झालं होतं हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. मप्पा मावशीच्या कोठाराचा पत्रा उडून तळ्यात पडला होता. मग माझी सही हवीच कशाला? मावशीला विचारा म्हणावं.

गवताला जुलैत जमणार नाही. ऑगस्टमध्ये बघतो.

एर्चीम


घरून,
२९ जुलै

एर्चीम,

समिती येऊन गेली.

पाच जण होते. चिखल लागू नये म्हणून बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आले. मी काय केलं सांगू? पाहुणे म्हणून धिरडी केली. साय घुसळून त्यात रानातली बेरीची फळं घातली. मप्पा मावशी म्हणाली, लाच वाटेल. मी म्हटलं, दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवू? त्यांनी खाल्लं. पुन्हा मागून खाल्लं. अध्यक्ष अफानासी पेत्रोविच यांनी चुलीमागच्या फटीत हात घालून पाहिला, जमिनीवर पातळी मोजायची नळी ठेवली, मान हलवली. मला वाटलं झालं आपलं काम.

मग ते गोठ्यामागे गेले. एका बुंध्यावर तळवा ठेवून अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमच्याकडच्या वादळाजवळ करवत असते वाटतं.”

सगळे हसले. माझी साय अजून त्यांच्या ओठांना होती.

मी म्हटलं, झाडं वादळाने पडली, नंतर माझ्या भावाने खोडं कापून जागा साफ केली. तर म्हणाले, खाली बर्फ आहे म्हणून इथल्या झाडांची मुळं खोल जात नाहीत, वादळाने पडलेलं झाड मुळांची अख्खी चटई उपटून घेऊन पडतं. इथे मुळं तर जागच्या जागी आहेत. हे मला शिकवतात. चाळीस मैलांवरच्या ऑफिसातून येऊन मला शिकवतात की आमच्या रानात झाड कसं पडतं. आणि शिकवतात ते खरं आहे, याचा जास्त राग आला. अर्धं गाव कुंपणाशी उभं होतं. मी आईच्या नावाने शपथ घेतली की आमच्या घरच्या कुणी तिथे उभ्या झाडाला करवत लावलेली नाही.

सातव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मालकाची वृक्षतोड’. घर यादीबाहेर.

मप्पा मावशीच्या रकान्यात काय लिहिलं माहीत आहे? ‘तळघराची निगा राखली नाही’. सत्तर वर्षांची बाई दर वसंतात त्या तळघरात उतरून कुदळीने भिंतींवरचं हिम खरवडते, आणि हे लिहितात निगा राखली नाही. शाळा खचली त्याचं कारण ‘बांधकामातील त्रुटी’. जुना विमानतळ खचला, ‘वापर नाही’. सगळ्या गावाची जमीन एकाच वर्षी एकदम बसली आणि प्रत्येकाचं कारण वेगळं, प्रत्येकाचं स्वतःचं, जसं काही आम्ही ठरवून केलं. ऊब हा शब्द त्या पानावर कुठेही नाही. मी शोधला. आणि यादीत चार नावं अशांची आहेत ज्यांच्या घरात चेंडू ठेवल्या जागी राहतो. कुणाचे मेहुणे कोण ते तुला सांगायला नको.

पाच सप्टेंबरला हरकतींची सभा आहे. तोच शेवटचा दिवस.

गवत आम्ही दोघी विळ्याने कापतो आहोत, उंचवट्यांच्या मधून. मावशी एका खळग्यात उतरली की तिची फक्त टोपी दिसते. टोपी दिसेनाशी झाली की मी हाक मारते.

आता एक. मी तुला तेरा-चौदा झाडं लिहिली होती. तू सतरा लिहिलंस. काल दूध काढून झाल्यावर मी जाऊन मोजली. चार वर्षं त्या बुंध्यांवर बादली ठेवते आहे, कधी मोजली नव्हती. सतरा आहेत.

मी काही विचारत नाही. तूही मला काही सांगू नकोस. फक्त कागद पाठव. ‘वादळाने पडली’ एवढं लिही आणि सही कर. त्यांचं खोटं इतकं मोठं आहे की आपलं त्यात कुठेतरी मावून जाईल.

कुन्नेय


सेमेनची झोपडी, नदीच्या मुखाशी,
१४ ऑगस्ट

ताई,

पत्ता बदलला ते बघितलंस. टोळीतून निघालो. ते नंतर.

झाडं मी तोडली.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन सेमेनची निम्मी जाळी दुरुस्त करून आलो. अजून तसंच आहे वाक्य.

तू दवाखान्यात होतीस तो जून. डास असे की गायींचे डोळे सुजून मिटलेले, दूध निम्म्यावर. रोज संध्याकाळी गोठ्यासमोर वाळलं शेण पेटवायचं, ओलं गवत टाकून धूर करायचा, आणि तो विझू नये म्हणून राखत बसायचं. तू वर्षानुवर्षं करत आलीस ते मला आठ दिवसांत नकोसं झालं. गोठ्यामागून वारा येत नव्हता. मला वाटलं, तेवढी झाडं काढली तर वारा सरळ गोठ्यातून जाईल, डास उडून जातील, आणि तू परत आलीस की तुला धूर करत बसायलाच नको. दोन दिवसांत सतरा. शेवाळही खरवडलं, गायींना कोरड्यावर बसता यावं म्हणून. मग वादळ झालं, मावशीचा पत्रा उडाला, आणि मला कारण आयतं मिळालं.

आणि वारा आला ताई. तू परतलीस, गोठ्यात उभी राहिलीस, तुझ्या कपाळावरचे केस उडाले. तू म्हणालीस, वादळ एका अर्थी आपल्या कामाचंच आलं. आणि हसलीस. आईला पोचवून आल्यावर पहिल्यांदा. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मला ते हसू मोडवलं नाही. नंतर प्रत्येक वर्षी सांगणं जड होत गेलं, म्हणून कदाचित मी असा गावोगाव फिरतोय. किंवा मी मुळातच असा असेन, मला माहीत नाही.

झोयाबाई काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं होतं. पंप बंद होता. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, म्हणाल्या, चौथ्या वर्षी दिसतं. मी विचारलं, म्हणजे दोष तोडणाऱ्याचा? त्यांनी आधी नळकांडीवर तारीख लिहिली. मग म्हणाल्या, “तीस वर्षांपूर्वी एवढीच झाडं तोडली असती तर जमीन जराशी बसली असती आणि पुढच्या हिवाळ्याने तिला परत आवळून धरलं असतं. आता हिवाळ्यात तेवढा जोर राहिलेला नाही. तो जोर त्याने नाही घालवला.”

हे तू सभेत वापर. पण सतरा झाडं माझीच.

आता टोळीचं. मागच्या सोमवारी उयबानने कागद फिरवला. सगळे दात नदीकाठी उघड्यावर पडलेले सापडले, पाणी मारलं नाही, खणलं नाही, खाली सहा सह्या. परवान्यासाठी लागतो म्हणे. पाच झाल्या. मी पेन हातात घेतलं आणि माझ्या खिशात तुझं पत्र होतं. एका आठवड्यात दोन खोट्या सह्या, आणि दोन्ही एकाच जमिनीबद्दल. उयबान म्हणाला, “सगळ्यांनी केली, तुझ्या हाताला काय झालं?” मी म्हटलं, सगळ्यांनी केली म्हणूनच तर सगळीकडे हे झालंय. फार शहाण्यासारखं बोललो असं मला तेव्हा वाटलं. त्याने माझी पिशवी चिखलात फेकली. माझ्या वाट्याचं काही मिळालं नाही. चालत चालत सेमेनकडे आलो, दोन दिवस लागले, वाटेत एक अस्वल दिसलं, पण ते दुसऱ्या बाजूला बघत होतं.

सोबत वेगळा कागद आहे. त्यावर खरं लिहिलंय, तारीख आहे, सही आहे. फाडायचा तर फाड, घर तुझं आहे, हिवाळा तुला काढायचाय. दुसरा कागद मात्र मी लिहून देणार नाही. तू आईची शपथ घेतलीस ती माझ्या भरवशावर. ती मला परत घेता येत नाही. निदान खाली सही करून ती पक्की तरी करणार नाही.

एर्चीम


घरून,
७ सप्टेंबर

एर्चीम,

तुझा कागद वाचून मी तुला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या लिहायच्या तर सेमेनला दुसरी बोट आणावी लागेल. मप्पा मावशी धावत आली, तिला वाटलं गोठ्यात लांडगा शिरला. चार दिवस तो कागद पिठाच्या डब्याखाली होता. रोज पीठ काढताना ठरवायचे, आज चुलीत घालते.

वारा आला होता हे खरं. मी गोठ्यात उभी होते हेही मला आठवतं. म्हणून जास्त राग आला.

सभा शाळेच्या सभागृहात होती. तिथली जमीन इतकी उतरती झाली आहे की समितीच्या टेबलाच्या दोन पायांखाली विटा लावल्या होत्या, कागद घसरू नयेत म्हणून. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी उठून तुझा कागद वाचला. सगळा. डास, धूर, वारा, सतरा. मागे कुणीतरी म्हणालं, हिने तर शपथ घेतली होती. मावशी माझी बाही ओढत होती, बस खाली, बस.

मी म्हटलं, मी खोटी शपथ घेतली. त्याची माफी मागते, गावाची. समितीची नाही.

अध्यक्ष म्हणाले, म्हणजे प्रश्न मिटला. टोपण काढून लिहायला लागले.

मी म्हटलं, “लिहा. सातव्या रकान्यात सतरा झाडं लिहा, मी सही करते. तेवढी आमची. आता मप्पाच्या घरामागे चला, तिथे एकही बुंधा नाही, तरी घर बसलंय. ते कुणाचं? तळ्यापलीकडे चला, तिथे घरच नाही, माणूस नाही, तरी जंगल बसलंय. ते कुणाचं? या टेबलाच्या पायाखाली विटा लावाव्या लागल्या, ते कुणाच्या कुऱ्हाडीने?”

ते म्हणाले, “असा रकाना नाही.”

“मग आखा.”

ते हसले नाहीत या खेपेला. पण मी सांगते ते पुढचं आहे. मागून म्हातारे गाव्रील उठले. म्हणाले, मी अंगणातले दोन बर्च तोडले होते, सुनेला ऊन पाहिजे होतं. माझे दोन लिहा आणि उरलेल्याचं नाव सांगा. मग दूधडेरीची ऊलिया उठली, म्हणाली, माझ्या नवऱ्याने कुरणात चर खणला होता, चाळीस पावलं. चाळीस लिहा. शाळेचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, मी दोन वसंत ओल्या जमिनीवरून ट्रॅक्टर नेला. एकेक जण उठून आपापलं सांगायला लागलं, चर्चमध्ये सांगत नसतील असं. कुणी जास्त सांगितलं नाही, कुणी कमी नाही. आणि प्रत्येक जण शेवटी तेच विचारायचा, बाकीचं कुणाचं. अध्यक्ष लिहिता लिहिता थांबले. त्यांच्यासोबतची एक पोरगेलीशी बाई खाली मान घालून आमचं सगळं उतरवून घेत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल असा. मप्पा मावशीच्या पुढचं कारण खोडलं, तिचं नाव यादीत आलं. गाव्रीलचंही आलं, दोन बर्चकडे काणाडोळा केला. चारपैकी दोन मेहुणे गेले. आपलं आलं नाही. ‘दोष मालकाने स्वतः कबूल केला.’ खालच्या ओळीत. मी सही केली. सांगितलं होतं, करते म्हणून. बाकीचं कुणाचं, त्या सहीची जागा कोरी आहे. मी तो कागद मागून घेऊन त्यावर ‘जागा कोरी आहे’ असं लिहून परत दिला.

माझा राग गेलेला नाही, तुझ्यावरचाही आणि त्यांच्यावरचाही. मी सांगते तो राहू दे. हिवाळ्यात लागेल.

घर आम्ही उतरवतो आहोत. नवं देत नाहीत तर जुनंच वाळूच्या टेकाडावर नेऊन उभं करायचं. भिंतींच्या ओंडक्यांवर खडूने आकडे घातले, कुठला कुठे बसतो ते कळावं म्हणून. ट्रॅक्टरवाला दोन रविवार देतो म्हणाला. गाव्रील छपराचं बघतील. आजोबांनी रचलेले ओंडके अजून कडक आहेत, फक्त जमिनीलगतचे दोन थर पाण्याने कुजले. सगळे म्हणतात, दोन थर नवे घाल. नवे घालायचे तर झाडं तोडावी लागतील. मी तोडणार नाही.

शेवटची बोट वीस तारखेला तिथून निघते. सेमेनला सांगून ठेवलंय. या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस.

घर दोन ओंडक्यांनी बुटकं होणार आहे. तुझी उंची बघता तुला दारातून आत येताना वाकावं लागेल.

वाक.

कुन्नेय